राईसाठी एक कोयता

१४ सप्टेंबर

म्हसोबाने राईत एक कोयता न्यायला परवानगी दिली. बातमी पक्की आहे. कौल लावणाऱ्या कडूआजीने देवळाच्या पायरीवर उभं राहून सगळ्या वाडीला सांगितलं, आणि मी तिच्या पाठीशीच उभी होते.

आमच्या हिवरदऱ्यात राईत, म्हणजे देवाच्या राखीव झाडीत, लोखंड नेत नाहीत. राईच्या शिवेवर एक शेंदरी दगड आहे, तिथे बायका पदराची पिनसुद्धा काढून ठेवतात. वाळलेली फांदी पडली तर तिथेच कुजते. म्हणून झाडं राहिली. आणि म्हणूनच घाणेरीही राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा आतल्या कुंडापर्यंत पायवाट होती, सासूबाई त्या कुंडाचं पाणी आणायच्या. आता बाहेरून झाडं दिसतच नाहीत. माणसाच्या डोक्यावर उंच गेलेली घाणेरीची भिंत दिसते, केशरी फुलांची आणि उग्र वासाची. उन्हाळ्यात आम्ही टँकरची वाट बघतो, आणि पाणी हाकेच्या अंतरावर काट्याआड पडून आहे.

आजीने देवाच्या ओल्या तांदळ्यावर, त्या शेंदूर फासलेल्या दगडावर, दोन फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही.

"देवा, वाडीतले समदे कोयते नेऊ?"

डावं पडलं.

"बचतगटातल्या बायांचे तेवडे?"

पुन्हा डावं. मागून कुणीतरी म्हणालं, "आजी, जरा घासाघीस कर की."

"गप ए! देव हाय, भाजीवाला न्हाई." मग स्वतःच आवाज खाली आणून म्हणाली, "बरं, एक कोयता?"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवं फूल पडलं. वारा नव्हता. इतक्या वर्षांनी पहिलं पातं आत जाणार, आणि तेही एकच.

ते माझ्याकडे दिलंय. गटाची अध्यक्ष म्हणून नाही. बाकी सगळ्या जोड्या भाऊबीजेनंतर कोपरगावकडे ऊस तोडायला जाणार, मागे राहणारं दुसरं कुणी नाही म्हणून. सहादेवची बायको हसून म्हणाली, "जयाला द्या. तसा बी तिचा अर्दाच कोयता हाय."

टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. मागच्या हंगामात ट्रॉलीच्या साखळीत आदिनाथची उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हापासून आम्ही कशातच मोजले जात नाही.

आदिनाथ. इथे लिहिते तेवढंच. नवऱ्याचं नाव मी तोंडाने लग्नातल्या उखाण्यानंतर घेतलेलं नाही.

१५ सप्टेंबर

नगरच्या जंगल राखणाऱ्या संस्थेच्या अलफिया मॅडमचा फोन आला. कौलाचं ऐकून त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, "एक तर एक. भाऊबीज झाली की मी येते. तोवर कुंडापर्यंत वाट झालेली दिसली, तर सबंध राईचं काम हिवाळाभर रोजंदारीवर तुमच्या गटाला. पण वरवर छाटू नका ताई, घाणेरी दुप्पट फुटते. जमिनीखाली, मुळाच्या गाठीशी तोडायची."

म्हणजे वाट झाली तर मी घरी राहीन. नाही झाली तर कानिफनाथ मुकादमाच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून एकटीने जायचं, लेकीला, सृष्टीला, आणि ह्यांना इथे सोडून. यंदा मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली नाही, म्हणून अजून नाही म्हणता येतं.

आदिनाथला हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, ताटातली भाकरी डाव्या हाताने मोडली, आणि उठून गेले. बोटं गेल्यापासून असंच चाललंय.

१७ सप्टेंबर

आमचा घरचा कोयता घेऊन शिवेच्या बाहेरच्या घाणेरीवर चालवून पाहिला. ह्याच कोयत्याने आदिनाथ अशी सपासप मोळी पाडायचे की मागे बांधायला मी पुरत नसे.

पण ऊस सरळ उभा असतो आणि पाण्याने भरलेला असतो. घाणेरी चिवट. पातं लागलं की ती झुकते, मागे येते आणि तोंडावर फटका देते. पातळ पातं गाठीत अडकलं, ओढताना दगडावर लागलं, धारेला खांडा पडला. परत येताना वाटलं, ह्यांचा कोयता मी बिघडवला, आता काय म्हणतील.

त्यांनी खांड्यावरून अंगठा फिरवला. "उसाचं लोखंड हाय ते," एवढंच म्हणाले.

बऱ्याच दिवसांनी एक सबंध वाक्य.

१९ सप्टेंबर

तिसगावच्या बाजारात गेले. आधी हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदाराने वरून एक लांबलचक सरळ पातं काढलं. हिरवी प्लॅस्टिकची मूठ, आरशासारखी चकाकी. "वैनी, बाहेरच्या देशात जंगलात हेच वापरतात. असं आडवं फिरवायचं, रस्ता तयार." त्याने दुकानातच फिरवून दाखवलं आणि टांगलेल्या दोरखंडात अडकलं.

पातं देखणं होतं, खोटं कशाला बोलू. हातात धरल्यावर मी कुणीतरी वेगळीच झाले. पण आडवं फिरवायला जागा लागते. घाणेरीत जागाच नाही, ती करायलाच तर जायचंय.

मग नबीलालचाचांच्या भट्टीवर. तिसगावात धार लावायची तर सगळे त्यांच्याकडेच जातात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. देवाने एकच दिलाय म्हटल्यावर हातातला हातोडा खाली ठेवला.

"एकच? मंग दुकानातला कशाला? एकच असंल तर तो घडवावा लागतो."

आतून त्यांनी एक जुना कोयता आणला. राजूरच्या बाजारातला, त्यांच्या मेव्हण्याने आणलेला. तिकडची डोंगरातली माणसं कमरेला लाकडी खाचेत अडकवतात तसला. पाठ जाड, पातं आखूड, पुढे वजन, आणि टोकाला पोपटासारखी आत वळलेली चोच. मी उचलला आणि नुसता सोडला. लाकडाच्या ठोकळ्यात तो आपल्या वजनाने रुतला. मी जोर लावलाच नव्हता.

"ही चोच मातीत घालायची," चाचा म्हणाले, "मूळ गवसलं की वडायचं. पर हा इकायचा न्हाई, मेव्हण्याची आठवन हाय. ह्याच्यासारका करून देतो. लोखंड बी दाखवतो." कोपऱ्यात टेम्पोचे जुने पाटे पडले होते. "कानिफनाथ मुकादमाचा भंगारात गेलेला टेम्पो. वळखला?"

न ओळखायला काय झालं? त्याच पाट्यांवर आदळत आम्ही सगळे हंगाम कोपरगाव गाठलं.

"मूठ कोण करतंय?" चाचांनी विचारलं.

"तुमीच करा की."

"मला तर निरोप हाय, मूठ नको म्हनून."

"कुनाचा?"

चाचा भात्याकडे वळले. वय झालंय त्यांचं. दुसऱ्या कुणाच्या कोयत्याशी घोळ झाला असणार.

२३ सप्टेंबर

पावसाने चार दिवस डोकं वर काढू दिलं नाही. तरीही आदिनाथ उजाडायच्या आत बाहेर पडतात, ओढ्याकडे. कुठे म्हणून विचारलं तर "हितंच." परवा त्यांच्या डाव्या तळव्याला फोड दिसले. हापसा हापसून आले असतील. गोठ्यामागे लाकडाच्या साली पडल्या होत्या. शेजारच्या शेळ्या कुठून तरी ओढून आणतात, सांगून ठेवलं पाहिजे.

२५ सप्टेंबर

कानिफनाथ मुकादम आला. ओट्यावर बसला, चहा घेतला, आदिनाथच्या हाताकडे बघायचं टाळत राहिला.

"वैनी, अर्दा कोयता म्या कुनाला घेत न्हाई. तुमाला घेतो. वळखीपायी. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिशी टेम्पो भरायचा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता तरी म्हणतील, नको जाऊ. किंवा जा म्हणतील. काही तरी.

"तिचं तिला इचार," आदिनाथ म्हणाले, आणि आत निघून गेले.

एवढंच. जणू माझं जाणं-राहणं ह्यांच्या घरातली गोष्टच नाही. मुकादमाला म्हटलं, बघते.

"बगा. नवा टेम्पो हाय आता, पाटे मऊ हायेत," तो म्हणाला. मला हसू आलं आणि त्याला कळलं नाही का ते.

२६ सप्टेंबर

कोयता घडताना पाहिला.

पाट्याचा तुकडा कोळशात आधी काळा होता, मग जांभळा, मग उतरत्या उन्हासारखा. चाचा ठोकत होते आणि प्रत्येक घावाला तो थोडा थोडा कोयता होत होता. ज्याच्यावर इतकी वर्षं आम्ही बसलो, त्याच्या पोटात हे पातं होतं, हे कुणाला माहीत होतं? चोच वळवताना चाचा श्वास धरून होते. मीही धरला.

"आता ह्याला पानी देतो," म्हणून त्यांनी तो कडक व्हायला तेलात बुडवला. भपकन ज्वाळ उठली, मी मागे सरले. "पुढं तो तुमाला पानी दील."

वर काढला तेव्हा तो काळा आणि गप्प होता. इतकी आग कुठे गेली? आतच असणार. हात लावायला मला धीर होईना.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज घरोघर अवजारांची पूजा. मी पाटावर नवं पातं ठेवलं, बिनमुठीचं. तेवढ्यात आदिनाथ गोठ्यामागून आले आणि पातं उचलून घेऊन गेले. बऱ्याच वेळाने आणून ठेवलं, तर मूठ बसवलेली होती.

बाभळीची मूठ. ती हातात घेतली आणि बघतच राहिले. अंगठा टेकायला खळगा, तळव्याला फुगवटा, करंगळीपाशी अडसर. माझ्याच मापाची. हे माप त्यांनी कधी घेतलं? इतक्या हंगामांत मोळ्या बांधताना माझा हात बघितला असेल, तेवढाच. पायांच्या बोटांत लाकूड धरून एका हाताने तासलीय म्हणे. सृष्टीला सगळं ठाऊक होतं आणि ती गप्प बसली होती!

म्हणजे साली शेळ्यांच्या नव्हत्या. चाचांचाही घोळ नव्हता. फोडांचं कोडं सुटलं.

"कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"बरी हाय," म्हटलं. बरी!

३ ऑक्टोबर

राईत गेले.

शेंदरी दगडापाशी कडूआजीने कोयत्याला कुंकू लावलं आणि मला म्हणाली, "पिन काड." मी काढली. मग ती दगडाला पाठ टेकून बसली आणि मी पहिला घाव घातला.

अलफिया मॅडमनी सांगितलं होतं तसा. चोच मातीत घातली, मुळाची गाठ लागली, ओढलं. आत कुठेतरी कट् झालं आणि झुडूप मुळाखालून सुटलं. त्याच्या मागे अंधार होता, गार. कुजलेल्या पानांचा वास त्या अंधारातून आला, दिवाबत्तीच्या वेळच्या देवळासारखा. मी हात थांबवून उभी राहिले. जिथे कुणी पातं चालवलं नाही तिथे मी चालवत होते, आणि वर काहीतरी फार मोठं श्वास घेत होतं.

"थांबलीस का?" आजीने हाक मारली.

"भ्या वाटलं."

"वाटू दे. न वाटनाऱ्याला देवानं दिलाच नसता."

७ ऑक्टोबर

काम पुढे सरकत नाही. कोयत्यात दोष नाही, असा कोयता मी धरलेला नाही. पण एका हातात कोयता आणि दुसऱ्या हाताने घाणेरी बाजूला धरायची, तर ती हात फाडते. तोडलेली वरच्या जाळीत लोंबत राहते, खाली पडत नाही. ओढत बाहेर न्यायची, परत यायचं. संध्याकाळी बघितलं तर पुढे गेले ते अंगणाएवढंच. हाताला हळद लावली.

आदिनाथच्या डाव्या दंडावरही ओरखडे आहेत. मूठ तर केव्हाच झाली, मग हे कसले? विचारलं तर म्हणाले, "बाबळीचे." बाभळीत काय काम काढलंय कोण जाणे. इकडे माझा जीव टांगणीला आणि ह्यांना ओढा सुटत नाही.

दुपारी कानिफनाथचा फोन आला, नाव धरू का म्हणून. धरा, असं तोंडात आलं होतं. उद्या सांगते म्हटलं.

८ ऑक्टोबर

सकाळी शिवेवर पोचले तर आदिनाथ माझ्या आधी तिथे. हातात नवं बेळकं. माझ्याहून उंच काठी, टोकाला दोन फाटे, काटेरी फांदी दाबून धरायला कुंपणाच्या कामात वापरतात तसलं. काठीचा दांडा डाव्या हातात, आणि मागचं टोक उजव्या काखेत दाबलेलं. त्यांनी शेजारच्या झुडपाला फाटा लावला आणि अख्खं झुडूप उचलून आडवं धरलं. एका हाताने. हलू दिलं नाही.

मी बघत राहिले. मग भानावर आले आणि म्हटलं, "तुमाला येता न्हाई यायचं. देवानं एकच कोयता सांगितलाय."

त्यांचा चेहरा उतरला. बेळकं खाली आलं.

दगडापाशी बसलेली कडूआजी अशी हसायला लागली की तिला ठसका लागला.

"अगं जये, एक कोयता म्हंजी किती मानसं?"

मी हातातल्या कोयत्याकडे पाहिलं.

"सांग की! कोपरगावला किती मानसं जात्यात एका कोयत्याला?"

"दोन," आदिनाथ म्हणाले.

"मंग? देव कुटला हाय? ह्याच वाडीचा ना? दर साली ह्याच्या फुडनं टेम्पो भरून जात्यात, त्याला कोयता म्हंजी काय ठावं न्हाई व्हय?" आजीने बेळक्याला हात लावून पाहिला. "लाकूडच हाय. लोखंड एक, मानसं दोन. एक कोयता. चला, उनं व्हायच्या आत."

इतके दिवस मी त्या शब्दाचं लोखंड तेवढं उचललं होतं.

आदिनाथनी पायातल्या चपला काढल्या, दगडाला हात लावला, आणि आत आले. मी चोच मातीत घातली तेव्हा डोळे भरून आले होते, त्यामुळे पहिला घाव चुकला.

"रडतीस का तोडतीस?" ते म्हणाले.

"दोनी."

कानिफनाथला फोन करायचा राहिला.

१३ ऑक्टोबर

ते उचलतात, मी तोडते, ते बाजूला लोटतात. बोलावं लागत नाही. बेळकं वर गेलं की मी वाकलेली असते. उसातही असंच होतं, फक्त तेव्हा मी त्यांच्या मागे असायची.

आज फार आत होतो. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. पाथर्डीची एसटी वळणावर केवढ्याने भोंगा वाजवते, ती येऊन गेली ते कळलंच नाही. आजी आता वाटेवरच माझ्या मागे पाटावर बसते, तिचे पाय ओलांडून जायचं.

एक मूळ तोडलं, आणि वर काहीतरी करकरलं. घाणेरीची सबंध जाळी, वर्षानुवर्षांची, झाडावर टांगलेली, त्या एका मुळावर तोलून होती. ती सुटली. सरळ त्यांच्या डोक्यावर.

"आदिनाथ!"

त्यांनी बेळकं उभं केलं, दांडा जमिनीत रोवला आणि पाठ लावली. जाळी त्याच्यावर येऊन आदळली, थरथरली, आणि बाजूला घसरत खाली गेली.

मग उजेड आला. वरून, एकाच भोकातून, खांबासारखा. त्या उजेडात झाड दिसलं. उंबर. आमच्या घराच्या भिंतींहून जाड खोड, त्याची मुळं काळ्या पाषाणाला हाताच्या पंजासारखी धरलेली, आणि वर, आणखी वर, मान मोडेपर्यंत वर पानं. आम्ही त्याच्या पायाशीच इतका वेळ वाकून काम करत होतो. त्याने आम्हाला केव्हापासून पाहिलेलं होतं. एक निळं पाखरू उजेडातून आरपार गेलं.

पाखरू गेलं त्या बाजूला बघतच आदिनाथ म्हणाले, "मगाशी काय म्हनालीस?"

"कुटं काय?"

"न्हाई, काईतरी म्हनालीस."

"म्या बी ऐकलं," पाटावरून आजी म्हणाली. "नाव घेतलं पर उखाना राह्यला. दंड भर, जये."

आदिनाथ हसले. तोंड उघडून, आवाज करून. राईत तो आवाज घुमला आणि उंबरावरून परत आला.

२० ऑक्टोबर

दिवाळीचा फराळ डब्यात नेऊन राईतच खाल्ला. कुंडाकडची बाजू सगळ्यात दाट आहे. आजी म्हणते, ओल जवळ आली की घाणेरी माजते, चांगलं लक्षण आहे.

कोयत्याला धार अजून मी दोनदाच लावली.

२४ ऑक्टोबर

भाऊबीज काल झाली. अलफिया मॅडमचा निरोप आला, उद्या दुपारपर्यंत पोचते.

आज शेवटच्या भिंतीपाशी पोचलो. एवढीच उरलीय, आमच्या दाराच्या रुंदीची. तोडता तोडता संध्याकाळ झाली आणि आत अंधारलं, म्हणून आजीने हात थांबवायला लावला. निघताना आदिनाथनी सहज बेळकं त्या भिंतीतून आरपार खुपसलं, खांद्यापर्यंत हात आत गेला, आणि बाहेर ओढलं.

दोन्ही फाट्यांवरून पाणी टपकत होतं.

आजीने ते तळव्यावर घेतलं आणि आधी डोळ्यांना लावलं. मग आम्हाला दिलं. गार होतं. उंबराच्या मुळांचा वास होता त्याला. सासूबाईंच्या हंड्याला यायचा तो.

आजीला घेऊन घरी आलो तर ओट्यावर कानिफनाथ. वाडीतल्या जोड्यांची बोचकी बांधून झालीत. सहादेवची बायको आडून आडून विचारून गेली, राईचं काम निघालं तर आणखी कोयते लागतील का. आजी उद्या संध्याकाळी पुन्हा कौल लावणार आहे, उजवं पडलं तर तिला फोन करायचा.

"मंग वैनी, काय ठरलं?" कानिफनाथने विचारलं.

मी आदिनाथकडे पाहिलं. "तिचं तिला इचार," ते पुन्हा म्हणाले. ह्या वेळी आत गेले नाहीत, माझ्या शेजारी उभे राहिले.

"न्हाई येत," म्हटलं.

"बगा, एक रात हाय मधी. उद्या उजाडताना वळनावर टेम्पो थांबवतो. हॉर्न देतो. आलात तर आलात."

कोयता उंबऱ्याच्या आत उभा आहे, त्याला टेकून बेळकं. उद्या उजाडायच्या आत राईकडे निघायचं असं ठरलंय. कानिफनाथ शब्दाचा पक्का आहे, तो वळणावर नक्की थांबेल आणि हॉर्नही देईल. जाताना कडूआजी त्याला काय म्हणाली ते आठवून मला अजून हसू येतंय.

"दे बाबा, खुशाल दे. पर राईत हॉर्न ऐकाया येत न्हाई."